वाळूच्या डोंगरावर पाऊल टेकवायचं, रोवायचं नाही

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांचा मुलगा अबुधाबीत नोकरीला आहे. येत्या डिसेंबरात ताई आणि त्यांचे यजमान तिकडे जाणार आहेत आणि मुलगा त्यांना लिवाच्या वाळवंटात, तल मोरीब नावाच्या वाळूच्या डोंगरावर नेणार आहे. ताईंचं वय ५२. कळसूबाई तीनदा झालंय, दर रविवारी खारघर हिल ठरलेली. त्यांनी विचारलंय: कळसूबाई करणाऱ्या माणसाला वाळूचा डोंगर कितपत अवघड जातो? बूट घालायचे की अनवाणी चढायचं? यजमानांचा एक गुडघा दुखतो, त्यांनी यावं का? आणि आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत वाळू आहे कुठे, की तयारी करता येईल?

ताई, तुम्ही चढाल. तुमचा दम आणि तुमच्या मांड्या पुरेशा आहेत. पण तुमची चालण्याची सवय सह्याद्रीची आहे आणि तीच सवय वाळूवर तुम्हाला दमवेल. गेली २४ वर्षं मी ठाण्यातून ट्रेक नेतोय. राजस्थानातल्या थरच्या वाळवंटात पाच वेळा गेलो, नामिबियात एकदा, लिवाच्या बाजूला दोनदा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली. पहिल्या वीस मिनिटांत थकून खाली बसणारा माणूस हा बहुतेक वेळा आपल्यातला दणकट ट्रेकर असतो. कधी डोंगर न चढलेली, हळूहळू पाय उचलणारी माणसं त्याच्या बाजूने पुढे निघून जातात.

असं का होतं ते आधी सांगतो, कारण ते नीट कळलं की बाकीचं निम्मं काम आपोआप होतं.

माझं लहानपण कळव्याला गेलं. तेव्हा मुंब्र्याच्या रेतीबंदरावर खाडीतून उपसलेली रेती बोटींतून उतरायची आणि काठावर तिचे ढीग लागायचे. शाळा सुटली की आम्ही तिकडे. कोणी हाकललं नाही तर ढिगावर चढायची शर्यत लावायचो. एक मजूर घमेल्याने रेती वर टाकत असायचा. घमेलं रिकामं झालं की रेती माथ्यावर क्षणभर थांबायची आणि मग एकदम एका बाजूने ओघळून खाली यायची. ढीग लहान असो नाहीतर दोन माणसं उंच, त्याचा उतार नेहमी तेवढाच. कोरडी वाळू साधारण ३० ते ३४ अंशांपेक्षा जास्त उभी राहतच नाही. त्याच्या वर एक मूठ टाकली तरी ती मूठ आणि खालची चार मुठी मिळून घसरतात. वाळवंटातला ३०० मीटरचा डोंगरही ह्याच नियमाने उभा असतो. मोरीबच्या जाहिरातींत ५० अंशांचा उतार लिहिलेला सापडेल. त्यावर विश्वास ठेवू नका. कोरड्या वाळूला तेवढं उभं राहता येत नाही. खालून बघताना तो तसा भासतो, एवढंच.

आता वाळूच्या डोंगराला दोन अंगं असतात. ज्या बाजूने वारा येतो ते अंग लांब आणि सौम्य, साधारण १० ते १५ अंशांचं. वारा कण ढकलत, दाबत वर नेतो, त्यामुळे ह्या अंगावरची वाळू आवळलेली असते. माथा ओलांडला की कण वाऱ्याच्या आडोशाला पडतात आणि नुसते रचले जातात. ते दुसरं अंग उभं आणि भुसभुशीत. रेतीबंदरचा ढीग म्हणजे चारही बाजूंनी हे दुसरं अंगच. अशा अंगावर पाय दिला की तुमच्या वजनाने तोल ढळतो आणि वाळू वाहायला लागते. दोन फूट वर, दीड फूट खाली.

ही दोन अंगं ओळखायची कशी? लहरी बघा. वाऱ्याच्या बाजूला वाळूवर बोटभर रुंदीच्या सुरकुत्या असतात, ओहोटीनंतर किनाऱ्यावर दिसतात तशा. त्या लहरींवर पाऊल दिलं तर कमी रुततं. जिथे अंग गुळगुळीत आहे, एकही सुरकुती नाही आणि मधूनमधून जिभेसारखे ओघळ उतरलेत, तिथे चढायला जाऊ नका. ते अंग उतरायला ठेवा.

आणि जिथे ही दोन अंगं भेटतात तिथे धार असते. आपण सह्याद्रीत सोंडेवरून, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत आलेल्या धारेवरून चढतो, तसंच इथेही सोंड पकडायची. मोठ्या वाळूच्या डोंगरांना दोन-तीन सोंडा असतात. पायथ्याला पोचल्यावर लगेच चढायला लागू नका. पाच मिनिटं थांबा आणि माथ्यापासून खाली येणारी सगळ्यात लांब, सगळ्यात आडवी सोंड शोधा. ती तुमची वाट. लांब पडली तरी तीच. नामिबियात सोसुसव्लेईला बिग डॅडी नावाचा सव्वातीनशे मीटरचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी डेडव्लेईचं कोरडं पांढरं तळं आहे, शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली काळी झाडं अजून उभी असलेलं. त्या तळ्यातून माथा अगदी समोर दिसतो आणि लोक सरळ अंगावर चढायला जातात. आम्ही लांबून सोंडेने गेलो आणि दीड तासात माथ्यावर होतो. समोरून निघालेले चौघे अर्ध्यातून परत गेलेले मी वरून बघितले.

सोंडेवरही नेमकं कुठे चालायचं हे महत्त्वाचं. अगदी धारेवर पाय दिला तर धार मोडते आणि पाय भुसभुशीत बाजूला जातो. धारेपासून वितभर खाली, वाऱ्याच्या अंगाला चाला. पुढे कोणी गेलं असेल तर त्याच्याच पावलांत पाऊल द्या. ती वाळू एकदा दाबली गेलेली असते. आम्ही गटाने जातो तेव्हा सर्वांत हलका माणूस पुढे कधीच ठेवत नाही. मध्यम वजनाचा, छोटी पावलं टाकणारा माणूस पुढे, आणि दर दहा मिनिटांनी तो बदलायचा. बाकीच्यांना त्या पायऱ्या तयार मिळतात. पहिल्या माणसाने मात्र आपल्या ढांगेने नाही, मागच्या सगळ्यात बुटक्या माणसाच्या ढांगेने चालायला हवं.

आता पाऊल. ह्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

कळसूबाईला आपण काय करतो? चवडा खडकावर रोवतो, पोटरीने रेटा देतो, शरीर वर उचलतो. खाली खडक आहे, तो रेटा परत देतो. घसाऱ्यावरसुद्धा वरची खडी सरकली तरी खाली कुठेतरी टणक जमीन लागते, म्हणून आपण पाय जोरात मारतो आणि ते जमतं. वाळूत खाली टणक असं काही नाही. जितका जोरात रेटा द्याल तितकी वाळू मागे जाईल, आणि तो सगळा जोर वाळू हलवण्यात वाया जाईल. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली हे मोजून दाखवलं: सपाट वाळूवर नुसतं चालायलासुद्धा कडक जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. हे सपाटीवरचं. चढावर काय होत असेल ते तुमच्या पोटऱ्या सांगतील.

म्हणून वाळूवर पाऊल असं टाका. पाय नेहमीपेक्षा कमी उचला, निम्मी ढांग घ्या. तळवा सगळाच्या सगळा, आडवा, एकदम टेकवा. चवडा आधी नाही, टाच आधी नाही. टेकवल्यावर थांबा. मनात ‘एक’ म्हणा. तेवढ्या वेळात खालची वाळू बसते आणि पायाखाली एक छोटं ताट तयार होतं. ते कळतं, तळव्याला आधार लागतो. मग अंगाचं वजन त्या पायावर सावकाश आणा, गुडघा सरळ करा आणि मागचा पाय सोडा. मागच्या पायाने ढकलायचं नाही, तो फक्त उचलायचा. चढ उभा झाला तर पाय थोडे बाहेर वळवा, बदकासारखे, किंवा सरळ तिरके आडवे चढा. श्वास आणि पाऊल यांची जोडी बांधा. एका पावलाला श्वास आत, दुसऱ्याला बाहेर. धाप लागून ही जोडी तुटली की समजायचं वेग जास्त झालाय.

ही गोष्ट मला एका पहाटे नीट दिसली. थरमध्ये, जैसलमेरच्या पश्चिमेला. दव पडलं होतं, वरचा पातळ थर ओलसर होता. आमच्या पुढे एक उंटवाला चालत होता, साठीचा असेल. मी त्याच्या पावलांचे ठसे बघत चाललो होतो. प्रत्येक ठसा पूर्ण, कडा न मोडलेला, जणू कोणी साचा दाबला आहे. माझे ठसे बघितले तर पुढे खड्डा आणि मागे वाळूचा ढिगारा. तो ढिगारा म्हणजे माझी फुकट गेलेली मेहनत होती. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या माणसाला दहा पावलं टाकून मागे वळून आपला ठसा बघायला सांगतो. ठशामागे ढीग दिसला की अजून जोर लागतोय. ताई, तुम्हीही हेच करा, शिकवायला दुसरं कोणी लागणार नाही.

काठी घ्यायची का? हो, पण खाली रुंद चकती असलेली. नुसतं टोक असलेली काठी हातभर आत जाते आणि तोल घालवते.

वेगाचा अंदाज देतो. सह्याद्रीत आपल्यासारखा माणूस तासाला साधारण ३०० मीटर उंची चढतो. वाळूवर सोंडेने मी तासाला १५० धरतो, त्याहून जास्त नाही. मोरीबची उंची ३०० मीटरच्या आसपास सांगितली जाते. तुम्ही कुठून सुरुवात करता त्यावर प्रत्यक्ष चढ कमी भरेल, तरी हातात दोन तास ठेवा. आणि खोट्या माथ्यांची तयारी ठेवा. वाळूत झाड नाही, दगड नाही, अंतराचा अंदाज येत नाही. हाच माथा म्हणून चढलेल्या जागेमागे आणखी एक सोंड वर जाताना दिसते. त्या क्षणी बरेच लोक मनाने हरतात. तिथे बसा, पाणी प्या, मागे वळून किती चढलात ते बघा.

वेळेचं आता. डिसेंबरात लिवाला पहाटे चांगली थंडी असते, स्वेटर लागतो. बऱ्याचदा धुकंही असतं. सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहाला, कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात निघा. रात्रीच्या दवाने वाळूचा वरचा थर आवळलेला असतो, ऊन लागल्यावर तासा-दीड तासात तो सैल होतो. तेवढ्यात तुमचा अवघड भाग पार पडलेला असला पाहिजे. हिवाळ्यात उन्हाची भीती कमी, पण ज्यांना मार्चनंतर जायचंय त्यांनी पुढचं नीट वाचा.

२००६ च्या मार्चमध्ये मी १४ जणांचा गट थरमध्ये नेला होता. ज्यांच्याकडे गाड्यांची व्यवस्था होती त्यांची गाडी तीन तास उशिरा आली. आम्ही पायथ्याला पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. चढायचं नाही, असं तिथेच म्हणायला हवं होतं. गाडी उशिरा येणं त्यांची चूक, पण चढायचा निर्णय माझा होता. मुलं लांबून आली आहेत, टेकडी काही मोठी नाही, असा विचार मी केला. हवेत ३४ अंश होते. वाळू त्याच्या कितीतरी वर तापलेली होती. मुख्य अडचण अशी की सावली शून्य, आणि ऊन वरून येतं तसंच खालूनही येतं. अर्ध्यावर एका १९ वर्षांच्या मुलाला गरगरायला लागलं, उलटी झाली, पाय लटपटायला लागले. त्याची एक चप्पल वाळूत अडकून निघाली होती आणि तो तसाच वीसेक पावलं चालला होता. तळव्याला फोड आले होते. आम्ही त्याला चादरीत घालून चौघांनी खाली आणलं, गाडीच्या सावलीत आडवं केलं, मानेवर आणि काखेत ओले रुमाल ठेवले, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी दिलं. संध्याकाळपर्यंत तो बरा झाला. त्याच्या आईला फोन मी केला. ते बोलणं मला अजून आठवतं.

त्या दिवसानंतर माझा नियम ठरलेला आहे. थंडी सोडून इतर वेळी सकाळी नऊ वाजता, माथा दहा मिनिटांवर असला तरी, परत फिरायचं. अमेरिकेत कोलोराडोमध्ये ग्रेट सँड ड्यून्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे उन्हाळ्यात दुपारी वाळू ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तळवा भाजायला एवढं तापमान खूप झालं. कधी अडकलातच तर एक लक्षात ठेवा: तापतो तो फक्त वरचा थर. पायाने चार-सहा इंच वाळू बाजूला सारली की खाली गार असतं. तिथे पाय ठेवून उभं राहता येतं.

पायात काय घालायचं ह्याचं उत्तर त्यामुळे घड्याळावर अवलंबून आहे. थंडीतल्या पहाटे अनवाणी चढणं सगळ्यात सोपं, कारण पायाखालची वाळू बसली की नाही ते तळव्याला लगेच कळतं. पण पहाटेच्या अंधारात वाळवंटात फुरसं-घोणसांसारखेच तिथले विषारी साप असतात. अरबस्तानात डोळ्यांवर शिंगं असलेला साप वाळूत अंग पुरून बसतो, आणि विंचूही असतात. म्हणून माझा सल्ला जाड लोकरी मोज्यांचा. एकावर एक दोन जोड. वाळू आत शिरत नाही, तळव्याला स्पर्श कळतो, फोड येत नाहीत. मोज्यांनी दंश मात्र थांबत नाही, म्हणून उजाडेपर्यंत बॅटरीचा उजेड पावलांपुढेच ठेवा. साधे उथळ कॅनव्हासचे बूट टाळा, ते शंभर पावलांत वाळूने भरतात आणि मग बोटांवर वाळूचा कागद घासल्यासारखं होतं. बूट घालायचेच असतील तर घोट्याच्या वर जाणारे, त्यावर गेटर्स, म्हणजे बुटाच्या तोंडावर बांधायची कापडी आवरणं. आणि मोज्यांनी चढलात तरी बूट सॅकमध्ये हवेतच. उतरेपर्यंत ऊन चढलेलं असू शकतं. चप्पल किंवा सँडल नको, कारण वर सांगितलं.

पाणी माणशी दोन लिटर, थंडीतही. खायला खजूर, राजगिऱ्याची वडी, चिक्की. हातात धरून दोन घासांत संपेल असं. चिवडा-फरसाण डब्यातून काढलंत की प्रत्येक घासात वाळू येईल. डोळ्याला लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा. फोन झिपच्या पिशवीत. कॅमेऱ्याची लेन्स वर गेल्यावर बदलायची नाही, एक कण आत गेला की दुरुस्तीचा खर्च तिकिटापेक्षा जास्त.

मोरीबचा स्वतःचा एक धोका आहे, तो गाड्यांचा. डिसेंबर-जानेवारीत तिथे मोठा महोत्सव भरतो आणि गाड्या त्या समोरच्याच उभ्या अंगावरून माथ्याकडे सुसाट चढवतात. तुमच्या तारखा त्यात येत असतील तर मुलाला सांगा, मोरीब फक्त बघायचा, चढायला आसपासचा दुसरा डोंगर निवडायचा. ‘रुब अल खाली’ ह्या मोठ्या वाळवंटाच्या त्या कडेला डोंगरांना तोटा नाही. महोत्सव नसतानाही सुट्टीच्या दिवशी गाड्या येतात. धार ओलांडणाऱ्या चालकाला पलीकडे कोण आहे ते दिसत नाही, म्हणून त्या गाड्यांना उंच काठीवर झेंडा लावलेला असतो. धारेवर कधीही बसू नका, धारेच्या लगेच पलीकडे विसावा घेऊ नका, इंजिनाचा आवाज आला की उभे राहा आणि दिसा. अंगात भडक रंगाचं जाकीट असू द्या.

वाऱ्याचं थोडक्यात. ताशी २० किलोमीटरच्या आसपास वारा गेला की कोरडी वाळू हलायला लागते. सुरुवातीला ती गुडघ्याच्या खालीच उडते, त्यामुळे उभ्या माणसाला फारसं कळत नाही, बसलेल्याच्या मात्र डोळ्यांत जाते. माथ्याकडे बघा. धारेवरून धूर निघाल्यासारखं दिसलं तर वर वारा जोरात आहे आणि तुमच्या पावलांचे ठसेही अर्ध्या तासात पुसले जाणार आहेत. निघताना गाडीची जागा फोनमध्ये खूण करून ठेवा, आणि चढताना तीन-चार वेळा मागे वळून फोटो घ्या. उतरताना सगळ्या सोंडा सारख्या दिसतात. ढग गडगडायला लागले तर विचार न करता खाली. उघड्या वाळवंटात माथ्यावर उभा माणूस हाच सर्वांत उंच बिंदू असतो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर विजांच्या वेळी जे करू नका म्हणतो, तेच इथे.

एक गोष्ट मुलांसाठी, नातवंडं बरोबर असतील तर. वाळूत भुयार खणू देऊ नका. घोट्याएवढा खड्डा ठीक. कंबरेएवढा खड्डा किंवा आडवं भुयार कधीही नाही. एक घनमीटर कोरडी वाळू दीड टनाहून जड असते आणि ती कोसळताना आवाज येत नाही. रेतीबंदरावर आम्हाला हाकलणारा रखवालदार ह्याच कारणाने हाकलायचा, हे मला फार उशिरा कळलं.

उतरणं हा ह्या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग. आता ते भुसभुशीत, गुळगुळीत अंग तुमचं. घसाऱ्यावर उतरतो तसं टाचा आधी मारत, गुडघे सैल ठेवून, अंग किंचित मागे, लांब ढांगा टाकत सरळ खाली. वाळू पायाबरोबर वाहते आणि तुम्हाला झेलते. दीड तासाची चढण दहा मिनिटांत उतरते. आधी खाली नजर टाका: पायथ्याशी खडक, झुडूप, गाडी, माणूस काही नको. पळू नका, कारण पायथ्याशी उतार एकदम संपतो आणि तिथेच माणसं तोंडावर पडतात. वाळू अगदी कोरडी असेल आणि नशीब असेल तर उतरताना ती घुमते. खोल, दूरच्या विमानासारखा आवाज, कानापेक्षा पोटऱ्यांना आधी जाणवणारा. घसरणारे कण एका तालात एकमेकांवर आपटले की हा आवाज होतो. मी तो एकदाच ऐकला, लिवाच्या दक्षिणेला. आम्ही सहा जण होतो आणि सगळे एकदम गप्प झालो होतो.

यजमानांच्या गुडघ्याचं. वाळू गुडघ्याला दगडापेक्षा मऊ असते, दणका बसत नाही. ताण येतो तो पोटरीवर, टाचेच्या मागच्या शिरेवर आणि घोट्यावर. गुडघा झिजेचा असेल आणि डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नसेल, तर सोंडेने हळू चढणं त्यांना जमू शकेल. पण गुडघा अचानक लचकत असेल, मध्येच सुटल्यासारखा वाटत असेल, तर नको, कारण वाळूत पाय वळतो. डॉक्टरांना नेमका हाच फरक विचारा. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तेही विचारा. त्यांनी अर्ध्या सोंडेपर्यंत येऊन थांबायचं ठरवलं तरी चालेल. सूर्योदय तिथूनही तसाच दिसतो.

आता तयारी. आपल्याकडे खाडी आहे, वाळू नाही. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत सगळा चिखल आणि खारफुटी. त्यामुळे तयारीचे दोन भाग करा.

पहिला भाग घरी आणि डोंगरावर. खारघर हिल चालू ठेवा, जवळ हवी असेल तर बेलापूरची पारसिक हिलही चालेल. पण आता वेगासाठी चढू नका, वर सांगितलेल्या पावलासाठी चढा. पूर्ण तळवा, थांबा, वजन, मागचा पाय. सुरुवातीला वेडगळ वाटेल, इतर लोक पुढे जातील, जाऊ द्या. आठवड्यातून तीनदा इमारतीच्या जिन्यात पायरीच्या कडेवर चवड्याने उभं राहून टाच खाली सोडायची आणि सावकाश वर उचलायची. पंधरा-पंधराचे तीन फेरे. वाळूत पहिल्यांदा टाचेमागची हीच शीर दुखावते, आणि दुखावली तर महिना महिना जात नाही. सहा आठवडे तरी हे आधी करा.

दुसरा भाग वाळूवर. आता उरणपर्यंत लोकल जाते, तिथून रिक्षाने पीरवाडीचा किनारा. ठाण्याच्या मंडळींना पश्चिम रेल्वेने केळवे सोयीचं. ओहोटीला पाण्याजवळची ओली वाळू कडक असते, तिथे चालून उपयोग नाही. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी, पाय रुतणारी पट्टी हवी. पहिल्या दिवशी फक्त वीस मिनिटं, तीसुद्धा दोनदा दहा-दहा. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या कशा आहेत ते बघून पुढच्या वेळी वाढवा. चार-पाच फेऱ्यांत पाऊण तासापर्यंत आलात की तुमची तयारी झाली.

एक कळकळीची विनंती. केळव्याला सुरूच्या बनाच्या कडेने वाळूचे उंचवटे आहेत, त्यांवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. सरावाचा चढ म्हणून त्यांवर चढू नका. ती वेल आहे म्हणून ती वाळू जागेवर आहे, आणि ती वाळू आहे म्हणून मागच्या गावात उधाणाचं पाणी शिरत नाही. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकड्यांना सर्वांत कडक संरक्षण दिलंय ते उगाच नाही. वाळवंटातल्या ठशावर वारा संध्याकाळपर्यंत हात फिरवतो. इथे वेल तुटली की तीन पावसाळे ती जागा उघडी राहते, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. चालायला खालची मोकळी पट्टी भरपूर आहे.

पुढच्या महिन्यात मी पाच-सहा जणांना घेऊन पीरवाडीला ह्याच सरावासाठी जाणार आहे, पहाटेची पहिली लोकल धरून. भरतीची वेळ बघून दिवस ठरवीन. तुम्ही दोघंही या. बूट नाही आणलेत तरी चालेल, जाड मोजे मात्र दोन-दोन जोड आणा.